हा आधी काढ

जमादार मेला त्याला आठ दिवस झाले होते, आणि आठ दिवसांत बाराही कोंबड्यांनी सगळी शिस्त गुंडाळून ठेवली होती. एक भिंतीवर चढून शेजाऱ्यांकडे तोंड करून बसायची. दुसरी स्वतःच आरवून बघायची, आणि तिचा तो चिरका सूर ऐकून पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आत्याच्या थोरल्या भाच्याच्या हातातला चिमटा सुटायचा.

जमादार म्हणजे या घरचा कोंबडा. त्याच्या मूळपुरुषाला आत्याच्या आजोबांनी टोपीत घालून आणलं होतं. टोपीतून उतरल्याबरोबर त्यानं आधी घरातल्या मांजराला घराबाहेर घालवलं आणि मगच दाण्याला चोच लावली, अशी नोंद आहे. ती नोंद कुठं आहे ते विचारायचं नाही. तेव्हापासून कोंबड्या बाहेरून येत, कोंबडा मात्र घरच्याच वंशातला. दर वर्षी एका घाण्यातले, म्हणजे एकदम उबवलेले, तरणे कोंबडे साडेपाच महिन्यांचे झाले की आत्या निवड करायची. एक गादीवर, एक त्याच्या पाठीशी राखीव, आणि उरलेले खाटकाच्या क्रेटमध्ये.

गेल्या वर्षीचा राखीव जमादाराच्या आधीच गेला होता. यंदा घाण्यात सहा होते. थोरल्याच्या शिवणकाम करणाऱ्या बायकोच्या, थोरलीच्या, चिंध्यांतले रंगीत दोरे पायात बांधलेले, आणि दोऱ्यावरूनच त्यांची नावं पडलेली. निळ्या, पिवळ्या, काळ्या, पांढऱ्या, हिरव्या, तांबड्या.

निवडीच्या सकाळी खुराड्यात दाणा टाकताना धाकटी, म्हणजे थोरल्याच्या भावाची यंदाच आलेली बायको, सारखी मागे वळून बघत होती. एक तर काळ्या मागून येत होता. गेल्या पंधरवड्यात त्यानं दोनदा तिच्या पोटरीवर झडप घातली होती, आणि ती जखम तिनं कुणाला दाखवली नव्हती. कोंबड्याला घाबरते म्हणून घरभर हसू झालं असतं. पण खरी भीती काळ्याची नव्हती.

"डोळा चांगला असला तर माझ्या गुडघ्यावर एकदा टिचकी," आत्या खुराड्याच्या दाराशी उभी राहून हळूच म्हणाली. "बुबूळ फाटकं दिसलं, कडेनं पांढुरकं दिसलं, तर दोनदा. बाकीचं माझे हात बघतील."

"आणि भाऊजींना कळलं तर?"

"कळू द्यायचं नाही. माणसांसमोर मला एक शब्द विचारायचा नाही. मी म्हणेन ते करायचं. समजलं?"

आत्याच्या दोन्ही डोळ्यांत गेल्या वर्षभरात दूध पसरलं होतं. हे फक्त धाकटीला माहीत होतं. म्हणजे तिला तसं वाटत होतं. थोरल्यानं जमादार गेला त्याच दिवशी जाहीर केलं होतं, "आता एकच निवड बघणार मी. एक जरी गफलत झाली तर खुराडं खाली, आणि मागे पक्की खोली." आत्याला खुराड्याशिवाय दुसरं काही नव्हतं. नवरा नव्हता, मूल नव्हतं. चाळीस वर्षं तिला या घरात कुणी 'ही कोण' असं विचारलं नव्हतं, कारण उत्तर मागच्या अंगणात आरवत असायचं.

चहा झाल्यावर अंगणात निवड मांडली. आत्या बुटक्या स्टुलावर बसली. थोरला ताणकाटा घेऊन उभा राहिला, कपाळावर त्याचं ते घड्याळजीचं भिंग तसंच. धाकटीला ते भिंग तिसऱ्या डोळ्यासारखं दिसत होतं, आणि ते आपल्याकडेच बघतंय असंही. थोरली मागच्या दारात टेकून उभी होती. दर वर्षी पक्षी धरायचं काम तिचं. यंदा तिनं कंबरदुखी पुढे केली होती. नवरा, म्हणजे धाकटा, घरी असता तर धाकटीला जरा आधार झाला असता, पण तो मालट्रक घेऊन चार दिवसांपूर्वीच गेलेला.

"तांबडा," धाकटी म्हणाली आणि डालग्याखालून पहिला पक्षी काढून आत्याच्या मांडीवर दिला.

आत्याची बोटं चालू लागली. छातीच्या हाडावरून वरपासून खालपर्यंत, मग पाठीची रुंदी, मग दोन पायांमधलं अंतर, मग एकेक बोट सरळ आहे का ते. धाकटीनं बुबूळ बघितलं. गोल होतं. एक टिचकी.

"राहू दे," आत्या म्हणाली.

एवढंच. का, कशासाठी, काही नाही. निवडीच्या वेळी आत्या पक्ष्याचा गुण-दोष तोंडानं काढत नसे. जमादाराच्या आजोबाची कुणीतरी तोंडावर तारीफ केली, तर तो तीन दिवस मान वाकवून दाणा खायला तयार होईना, ताटली उंचावर ठेवावी लागली, असं आत्या सांगायची. तेव्हापासून दोनच शब्द. काढ, नाहीतर राहू दे.

हिरव्या राहू दे झाला. पांढऱ्या भरला सगळ्यांत जास्त. ताणकाट्याचा आकडा बघून थोरल्यानं भुवया उंचावल्या. तोही राहू दे. धाकटीनं मनातल्या मनात मान डोलवली. तिच्या माहेरी मांसाच्या कोंबड्यांची मोठी शेड होती, आणि तिथं वजन म्हणजेच सगळं. जड ठेवायचा, हे तिला लहानपणापासून कळत होतं.

"निळा."

निळ्या अंगानं बेताचा होता. पण तो धाकटीच्या हातात असा यायचा, जसा काही बोलावण्याचीच वाट बघत होता. आत्याची बोटं त्याच्यावर जरा जास्त रेंगाळली.

"आत्या," थोरला एकदम म्हणाला, "याच्या तुऱ्याला शेंडे किती?"

आत्याचा अंगठा तुऱ्यावरून सावकाश फिरला. "पाच. दिसत नाहीत तुला?"

"आणि डोळ्याचा रंग?"

यासाठी टिचकी ठरलेली नव्हती. धाकटीची बोटं आत्याच्या गुडघ्यावर नुसतीच गारठली. थोरल्यानं भिंग कपाळावरून खाली ओढलं.

"कोंबड्याच्या डोळ्याचा रंग विचारतोस होय रे?" आत्या म्हणाली. "आधी बायकोच्या डोळ्यांचा सांग. वीस वर्षं झाली लग्नाला. मागं वळून बघायचं नाही, तसाच सांग."

"हां, सांगा की!" दारातून थोरली म्हणाली.

भिंग परत कपाळावर गेलं.

"हा आधी काढ," आत्या म्हणाली, आणि निळ्याला धाकटीच्या हातात दिलं.

निळ्याच का? पण एक शब्द विचारायचा नाही असं ठरलं होतं.

पिवळ्यावर, "हा त्याच्यामागून काढ." आणि शेवटी काळ्या. मांडीवर ठेवताच त्यानं आत्याच्या मनगटाला चोच मारली. रक्ताचा टिपूस आला. आत्यानं शांतपणे त्याचं छातीचं हाड चाचपलं आणि म्हणाली, "राहू दे."

म्हणजे आता वर्षभर याच्यासोबत एकाच अंगणात! धाकटीच्या पोटरीतली जखम ठणकली. चार ठेवायचे आणि दोनच घालवायचे, हेही तिला जरा अवघडच वाटलं. पण जमादार नाही, म्हणून आत्या चौघांना अजून बघणार असेल. विचारावं का? थोरला ताणकाटा आवरत तिच्याकडेच बघत होता. विचारलं तर तो विचारणार, तुला सांगितलं नाही का आत्यानं? मग आत्याचे डोळे बघणार. आणि काळ्याबद्दल विचारलं तर घरभर हसू. ती गप्प राहिली. गप्प राहण्यासारखं सुरक्षित काही नाही असं तिला त्या घटकेला वाटलं. माणसाला असं बरंच काही वाटतं.

दुपारी खाटीक आला तेव्हा आत्या आत आडवी झाली होती. धाकटीनं निळ्या आणि पिवळ्याला स्वतःच्या हातानं क्रेटमध्ये घातलं. निळ्या तिच्या बोटांना चोच लावत आत गेला, जसा काही तिनं त्याला फिरायला न्यायचं ठरवलं होतं.

"दोनच?" खाटीक म्हणाला. "दर साली चार-पाच असतात की."

"दोनच."

"बरं, बरं. घरात भांडणं कमी पडली की कोंबडे जास्त ठेवतात म्हणा!"

"निळा दोरा आधी काढा," धाकटी म्हणाली. "आत्यांनी तसं सांगितलंय."

"आत्यांचा हुकूम म्हणजे झालंच."

तेव्हा मागच्या दारात थोरली होती. तिनं क्रेटकडे बघितलं, मग धाकटीकडे बघितलं. तिचे ओठ हलल्यासारखे झाले. मग ती आत गेली आणि एक घासलेलं पातेलं पुन्हा घासायला लागली. धाकटीनं ते बघितलं आणि विसरली. भीती वाटत असली की माणूस आधी अशाच गोष्टी विसरतो.

तीनच्या सुमाराला आत्या उठून खुराड्यात गेली. नव्या कोंबड्याच्या पाठीवर पहिल्या दिवशी हात ठेवायचा हा तिचा नेम. धाकटी मागोमाग. आत्या कोपऱ्यात बसून हात पुढे करून "ये, ये" म्हणाली, आणि जो आला त्यानं तिचा अंगठा फोडला.

"हा कोण?"

"काळ्या."

आत्याचा हात हवेत तसाच राहिला. "काळ्या इथं कसा?"

"तुम्हीच म्हणालात ना. राहू दे."

"मग?"

"मग ठेवला."

"अगं राहू दे म्हणजे राहू दे! सोड त्याला, त्याच्यात काही नाही, कशाला हात लावायचा, राहू दे!" आत्याचा आवाज हळूहळू खाली येत गेला. "आणि काढला कोण?"

"निळ्या. आणि पिवळ्या."

"ते कुठं आहेत?"

"काढ म्हणजे... आमच्याकडे शेडवर माल काढला म्हणजे गेला. आज तीन नंबरची शेड काढली, म्हणजे रात्रीपर्यंत शेड रिकामी. लहानपणापासून हेच..."

"निवडून काढ, म्हणाले मी! बाजूला काढ! चार भांड्यांतलं चांगलं भांडं पाहुण्यासाठी काढतो, ते फोडायला काढतो का?"

दोघी एकमेकींकडे बघत होत्या, म्हणजे एक बघत होती. आत्यानं जमिनीवर हात टेकून बसकण मारली. तिचा चेहरा एकाएकी लहान झाल्यासारखा दिसला.

"तांबड्याचं हाड वाकडं," ती स्वतःशीच म्हणाली. "हिरव्याची बोटं फिरलेली. पांढरा जड आहे, पण दोन पाय एकमेकांना चिकटलेत, वर्षात लंगडेल. आणि काळ्या माणसाला मारतो. यातलं एक जरी रक्त आत आलं तर तीन पिढ्या निघत नाही." मग ती थांबली. "आधी निळ्या काढ म्हणाले होते ना मी?"

"हो. मी खाटकाला तसंच सांगितलं."

आत्यानं डोळे मिटले. मिटून तिला काय फरक पडणार होता, कोण जाणे.

"स्कूटर काढते," मागून आवाज आला. थोरली दारात उभी होती, किल्ली हातात. "निवडून काढते, बरं का. चल, धाकटे."

बाजारापर्यंत दोन वळणं आणि एक पूल. थोरली स्कूटर अशी हाणत होती की मागे बसलेल्या धाकटीला वाटलं, आपण पोहोचायच्या आधी आपली भीती पोहोचणार. पुलावर थोरली मान न वळवता म्हणाली, "मी बघितलं होतं."

"काय?"

"क्रेटमध्ये निळ्या. कळलं मला. बोलले नाही."

वाऱ्यानं धाकटीला नीट ऐकू आलं नाही असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण ऐकू आलं होतं.

"पंधरा वर्षं बोळात मशीन टाकून शिवतेय मी. येणारा-जाणारा पाय लावून जातो. मागं खोली झाली असती." थोरलीनं हॉर्न वाजवला, समोर कुणी नसताना. "आणि आत्याला दिसत नाही हेही ठाऊक आहे मला. सुईत दोरा ओवून मागते माझ्याकडून, आठ महिने झाले."

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. खाटीक बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "एवढ्या घाईनं? तुमचा निळा गेला. आधी म्हणालात म्हणून आल्या आल्या आधी त्यालाच घेतला. एक गिऱ्हाईक थांबलेलंच होतं."

"आणि दुसरा?" थोरलीनं विचारलं.

त्यानं डालगं उचललं. खाली पिवळ्या अंग चोरून बसला होता. धाकटी खाली वाकली ती त्याला उचलायला, पण तिची नजर ओट्याकडे गेली. ओट्याच्या कडेला निळा दोरा पडला होता, गाठ तशीच. तिनं तो उचलला. ओला होता.

परतीच्या वाटेवर, पूल उतरल्यावर, थोरलीनं स्कूटर बाजूला घेतली.

"दोरा बदल," ती म्हणाली.

"काय?"

"पिवळा सोड, निळा बांध. भावंडं आहेत, अंगानं सारखे. यांनी सकाळी निळाच आधी काढलेला ऐकलाय. निळा दोरा दिसला की यांचं तोंड बंद. पिवळ्या राखीव होता, राखीव गेला, एवढंच. खुराडं राहील." तिनं घाम पुसला. "मी केलंय ते मलाच निस्तरू दे. मी शब्द बोलणार नाही. तू पण बोलू नकोस."

धाकटीनं पिवळ्याला छातीशी धरलं होतं. त्याचं काळीज इतकं जोरात उडत होतं की तिचं कुठलं आणि त्याचं कुठलं ते कळेना. गप्प राहायचं. सकाळी गप्प राहिले म्हणून निळ्या गेला. आता आणखी एकदा गप्प राहिलं तर खुराडं राहणार होतं, आत्याची जागा राहणार होती. थोरलीनं पिवळ्याचा पाय धरून पुढे केला. धाकटीच्या मुठीत दोरा होता.

अंगणात थोरला उभा होता. बहुधा त्यानं आत्याकडून थोडंफार काढून घेतलं होतं, आणि उरलेलं त्याला आपोआप कळलं होतं. आत्या स्टुलावर, हात मांडीवर. बाराही कोंबड्या भिंतीशी रांगेत, जणू त्यांनाही बोलावणं होतं.

"आणला का?" थोरल्यानं विचारलं. "कोणता?"

धाकटीनं पक्षी आत्याच्या मांडीवर ठेवला. बोटं चालू लागली. हाड, पाठ, पाय. तुऱ्यावर अंगठा थांबला. तिनं मान वर करून धाकटीच्या दिशेनं धरली.

"कोण गं हा?"

थोरली दोघींच्या मध्ये बघत राहिली. धाकटीनं मूठ उघडली. निळा दोरा तळहाताला चिकटलेला.

"पिवळ्या," ती म्हणाली. "निळ्या गेला. मीच आधी काढायला सांगितला. मला शब्द कळला नव्हता, आणि मी विचारलं नाही. घाबरले."

थोरल्यानं दीर्घ श्वास घेतला. "म्हणजे गफलत झालीच."

"झाली," आत्या म्हणाली. "तिची अर्धी. अर्धी माझी. मला दिसत नाही रे. वर्ष झालं. तुला सांगितलं नाही, कारण तू खुराडं काढशील. हिच्या अर्थानं काढशील." तिनं पिवळ्याच्या तुऱ्यावर पुन्हा अंगठा फिरवला. "चार शेंडे. निळ्याला पाच होते. हाताला कळलं होतं मला. ही काय म्हणते ते ऐकायचं होतं."

थोरलीनं खाली बघितलं आणि एकदम म्हणाली, "त्यातली थोडी माझीपण. मी क्रेट बघितलं होतं. रात्री सांगते सगळं." थोरल्यानं बायकोकडे बघितलं, आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच जरा नीट बघितलं असावं.

"डोळा?" आत्यानं सवयीनं विचारलं, आणि गुडघा पुढे केला.

धाकटीचा हात इतका थरथरत होता की टिचकी एक झाली असती की दहा, सांगता येत नव्हतं. तेव्हा थोरला पुढे आला. अंगणातल्या घाणीत, स्वच्छ पँटीनिशी, गुडघ्यांवर बसला. कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं आणि पिवळ्याच्या डोळ्यात असं बघितलं, जसं एखाद्या बंद पडलेल्या जुन्या घड्याळात बघत असेल.

"बुबूळ गोल आहे," तो म्हणाला. "कडा साफ. रंग..." तो थांबला. "तांबूस. उजेडात मधासारखा." मग उठून गुडघे झटकत, कुणाकडे न बघता म्हणाला, "पिल्लं निघेपर्यंत खुराडं राहील. पिल्लं धड निघाली नाहीत तर मग बोलू."

पिल्लं म्हणजे एकवीस दिवस, आणि त्याआधी अंडी फळायला आणखी काही. तेवढे दिवस ही भीती रोज उठून दाणा मागणार, हे धाकटीला तिथंच उभ्या उभ्या कळलं.

"चल," आत्या तिला म्हणाली. "तू धरलास, तू सोडवून आणलास. आता तू सांग. काय करायचं याचं?"

धाकटीच्या जिभेवर दोन्ही शब्द आले. काढ. राहू दे. दोन्ही शब्दांना रक्त लागलं होतं. तिनं ते गिळले. सगळे तिच्याकडे बघत होते, डोळे गेलेली आत्यासुद्धा.

"ठेवा," ती म्हणाली.

चाळीस वर्षांत त्या अंगणात निवडीच्या वेळी हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. आत्यानं तो एकदा पुटपुटून बघितला, जसं नवं भांडं वाजवून बघतात. मग मांडीवरचा हात उचलला, आणि पिवळ्या खाली उतरला.